लांब पल्ल्याची ग्रुप राइड: बायकांनी आधी काय काय ठरवून घ्यायचं

सायकलिंगच्या ग्रुपवर राइडचा मेसेज पडतो तो साधारण असा: 'रविवार, पहाटे पाच, वाशी. खोपोली, जाऊन-येऊन ११० किमी. हेल्मेट सक्तीचं. नाश्ता खोपोलीला.' मग वेग किती ठेवायचा, टायरमध्ये हवा किती भरायची यावर चर्चा होते, मिसळ कुठे खायची यावर तर रात्रभर होते. वाटेत बाथरूम कुठे आहे, हे कुणी लिहीत नाही. लिहिणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही, एवढंच त्याचं कारण.

पायांत ताकद नाही म्हणून लांबच्या राइड सोडून दिलेली बाई मला तरी भेटलेली नाही. ज्यांनी सोडल्या त्यांची कारणं वेगळीच होती. कुणाला सॅडलने जखमा झाल्या, कुणी लघवी दाबून दाबून इन्फेक्शन ओढवून घेतलं. कुणाला सतत सगळ्यांच्या मागे राहण्याची लाज वाटली, तर कुणाला घरी परतल्यावरच्या चेहऱ्यांचा कंटाळा आला. यातलं बरंचसं निघण्याआधीच सुटू शकतं. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर किंवा ठाण्यात येऊरच्या चढावर पंचवीस-तीस किलोमीटर सहज होतात आणि आता ग्रुपबरोबर ऐंशी, शंभर, दीडशेची राइड करावीशी वाटते, अशा बाईसाठी हा लेख आहे. राइड काढणाऱ्या पुरुषांनीही वाचायला हरकत नाही.

आधी रस्ता, तोही बाथरूमच्या हिशोबाने

मार्ग कळला की घरी बसून नकाशा उघडा आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरवर एक खात्रीची जागा शोधा. खात्रीची म्हणजे दार असलेली, कडी लागणारी आणि तुम्ही पोचाल त्या वेळी उघडी असलेली. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. हायवेवरचं छानसं रेस्टॉरंट आठ वाजता उघडत असेल आणि तुम्ही सव्वासहाला तिथे पोचणार असाल, तर त्याचा काही उपयोग नाही.

पहाटे भरवशाचे म्हणजे पेट्रोल पंप. पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट देणं बंधनकारक आहे, तेव्हा संकोच करायचं कारण नाही. पण नियम वेगळा आणि प्रत्यक्ष दार वेगळं. बऱ्याच ठिकाणी 'महिला' लिहिलेल्या दाराला कुलूप असतं आणि आत ऑइलचे रिकामे डबे, झाडू, तुटकी खुर्ची. नोझल धरून उभा असलेला मुलगा वर न बघता म्हणतो, "बंद आहे मॅडम." तिथून लगेच मागे फिरू नका. "दादा, चावी कुणाकडे असते? मॅनेजर आहेत का आत?" असं शांतपणे विचारलं की बहुतेक वेळा टेबलाच्या खणातून चावी निघते. एकीने विचारण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून विचारलं तर आणखी लवकर निघते.

आपल्याकडच्या नेहमीच्या रस्त्यांचं सांगते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना पनवेल शहर सोडण्याआधी एकदा जाऊन घ्या, मग चौक-खालापूरच्या टप्प्यात आणि मग खोपोलीत. खोपोलीच्या पुढे घाट चढून शिंग्रोबाच्या देवळाकडे आणि वर खंडाळ्याला जायचं असेल, तर खालीच सगळं उरकून घ्या. चढाला लागल्यावर वर पोचेपर्यंत कशाचा भरवसा धरू नका. नाशिक हायवेला पडघा आणि शहापूर-आसनगाव हे सोयीचे थांबे. कसाऱ्याच्या घाटाला तोच नियम, पायथ्यालाच आटपायचं. ठाण्याहून वज्रेश्वरी-गणेशपुरीची राइड पहिल्या मोठ्या राइडसाठी मला फार आवडते. अंतर जाताना चाळीस-पंचेचाळीस, दोन्ही देवस्थानांची गावं, त्यामुळे सकाळपासून माणसांची जाग असते. नवी मुंबईकरांसाठी तसंच कर्नाळा. पनवेलपासून बारा-एक किलोमीटरवर अभयारण्य, म्हणजे वाशीहून जाऊन-येऊन साठ-सत्तरमध्ये बसतं.

तुमची यादी तयार झाली की ती ग्रुपवर टाका. लाजू नका. 'थांबे: पनवेल, चौक, खोपोली. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं' एवढं लिहिलं तरी पुरे. कुणी काही म्हणत नाही, उलट मधुमेह असलेले एखादे काका मनातल्या मनात आभार मानतात.

पाणी कमी पिणं हा उपाय नाही

बायका हमखास हेच करतात. निघताना दोन घोट, वाटेत ओठ ओले करण्यापुरतं, आणि "मला तहान लागत नाही गं" हे वर. ठाण्या-मुंबईची हवा दमट. घाम गळतो पण लवकर सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि आणखी घाम येतो. अशा हवेत तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. ते तोडलं की आधी डोकं दुखायला लागतं, मग पायात गोळे येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ. आपला मूत्रमार्ग पुरुषांपेक्षा खूप आखूड, त्यामुळे जंतू लवकर वर पोचतात. त्यात पाणी कमी, लघवी दाबलेली आणि खाली सायकलिंग शॉर्ट्सची घामाने भिजलेली पॅड, मग इन्फेक्शनला आणखी काय हवं?

थोडं थोडं, दर दहा-पंधरा मिनिटांनी प्या. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतू नका. घरूनच एक लिटर तयार करून त्यातलं भरून घ्या. लघवीचा रंग फिकट पिवळा असला तर ठीक चाललंय. गडद झाला तर पुढच्या थांब्यावर आधी पाणी, मग फोटो.

उघड्यावर जायची वेळ आली तर

येते. कितीही नकाशे काढले तरी येते. त्यासाठी जर्सीच्या खिशात मावेल अशी एक झिपची पिशवी ठेवा: टिश्यू, कागदी साबणाच्या दोन-चार पट्ट्या, सॅनिटायझर, वर्तमानपत्राचा तुकडा, कचऱ्यासाठी रिकामी झिप पिशवी, सुलभसाठी सुटे पैसे.

एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं. एकीने रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. पातळ सुती ओढणी किंवा पंचा बरोबर असला की आडोसा होतो, आणि तोच पुढे उन्हात मानेवर घेता येतो. उभ्या ट्रकच्या मागे कधीही जाऊ नका. आत कुणी झोपलेलं असतं, आणि ट्रक मागे आला तर पळायला वाव नसतो. पावसाळ्यात आणि नंतर वाढलेल्या गवतात पाय टाकण्याआधी काठीने किंवा बुटाने गवत हलवून घ्या.

उभ्याने लघवी करायचं नरसाळं मिळतं, कागदाचं वापरून टाकायचं किंवा सिलिकॉनचं धुवून ठेवायचं. घाण संडासातही ते उपयोगी, कारण कुठेच टेकावं लागत नाही. मात्र त्याची सवय घरच्या बाथरूममध्ये आंघोळीच्या वेळी करा, चार-पाचदा तरी. थेट हायवेवर पहिला प्रयोग केलात तर बूट ओले होतील.

इथेच कपड्यांचा एक निर्णय होतो. खांद्यावरून पट्टे येणारे बिब शॉर्ट्स पोटाला आवळत नाहीत म्हणून पुरुष त्यांचं फार कौतुक करतात. आपल्याला दर वेळी जर्सी काढून, पट्टे उतरवून बसावं लागतं, तेही ओल्या फरशीच्या, खुंटी नसलेल्या खोलीत. मागून क्लिप किंवा चेन उघडणारे बायकांचे बिब आता मिळतात, पण महाग असतात. रुंद कमरपट्ट्याची साधी पॅडेड शॉर्ट्स घ्या आणि मोकळ्या व्हा, असं माझं मत.

सॅडल: इथे वेळ घालवा

राइडच्या महिनाभर आधी याचा निकाल लावायला हवा. सायकलबरोबर आलेली सीट तुम्हाला बसेलच असं नाही. बसण्याची दोन हाडं बायकांमध्ये सरासरीने एकमेकांपासून जास्त दूर असतात. सीट अरुंद असेल तर वजन हाडांवर न येता मधल्या नाजूक भागावर येतं. मग सूज, बधिरपणा, लघवीला त्रास. 'सुरुवातीला दुखतंच, सवय होते' हा सल्ला हाडांपुरता खरा आहे. हाडांखालचे स्नायू दोन-तीन आठवड्यांत सरावतात. मधल्या भागाचा बधिरपणा मात्र सवयीने जात नाही. तो आला तर सीटमध्येच काहीतरी चुकतंय.

माप घरी काढता येतं. खोक्याचा खरखरीत पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, थोडं पुढे वाका, टाचा किंचित उचला आणि मिनिटभर थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात दोन-अडीच सेंटीमीटर मिळवा. साधारण तेवढ्या रुंदीची सीट बघा. मध्ये खाच किंवा पोकळी असलेली सीट बहुतेकींना मानवते, सगळ्यांना नाही. शक्य असेल तर मैत्रिणीची सीट आठवडाभर लावून बघा आणि मगच पैसे घाला. जेलचं जाड कव्हर चढवू नका. तासाभराच्या राइडला ते गुबगुबीत वाटतं, पण चौथ्या तासाला तेच जेल मध्ये दबून नको तिथे टोचतं.

सीट सपाट ठेवा, फार तर नाक किंचितसं खाली. जास्त झुकवलीत तर तुम्ही पुढे घसरत राहता, सगळा भार तळव्यांवर येतो आणि बोटांना मुंग्या येतात. उंची बघायला पेडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ होईल इतपत सीट हवी. त्याहून उंच असेल तर कंबर डावी-उजवी डोलते आणि मांड्यांची आतली बाजू सोलवटते.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत निकर घालायची नाही. हे ऐकून नव्या मुली दचकतात. पण निकरच्या शिवणीच सगळं सोलून काढतात, पॅड थेट अंगाला लागावी म्हणूनच बनवलेली असते. घासणाऱ्या जागी सायकलिंगचं क्रीम लावा. नसेल तर खोबरेल तेल चालतं, फक्त ते लवकर सुकतं, म्हणून छोटी डबी बरोबर ठेवा. राइडच्या आदल्या दिवशी तिथलं वॅक्सिंग किंवा शेव्हिंग नको. नुकत्या सोललेल्या त्वचेवर घाम आणि घर्षण म्हणजे फोड ठरलेले, निदान तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर तिथली त्वचा कोरडी पडते आणि घासण्याचा त्रास वाढतो. 'वयाप्रमाणे होणारच' म्हणून सोसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यावर साधे उपाय असतात.

रस्त्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभ्या राहा आणि दहा सेकंद रक्त वाहू द्या. छोटी गोष्ट, पण शंभराच्या राइडमध्ये सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो.

पाळी आलीच तर

यायचीच. मोठ्या राइडच्या तारखा आपल्या तारखा बघून ठरत नाहीत. पाळीत सायकल चालवू नये असं काही नाही, अनेकींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालवून उलट बरं वाटतं. ज्यांना वाटत नाही त्यांनी खुशाल घरी राहावं, कुणाला काही सिद्ध करायचं नाही.

साधा सॅनिटरी पॅड आणि शॉर्ट्सची पॅड यांचं जमत नाही. चिकटपट्टी फुगऱ्या कापडावर धरत नाही, पॅड सरकते, कडा मांडीला कापतात. पॅडच वापरणार असाल तर निकरचा नियम तेवढ्यापुरता मोडा, बिनशिवणीची पातळ निकर घाला आणि दर थांब्यावर बघा. टॅम्पॉन सायकलला बरा, पण चार ते आठ तासांत बदलायलाच हवा. मेन्स्ट्रुअल कप योग्य बसला तर बारा तासांपर्यंत चालतो, म्हणजे घरून लावून निघालात की परत येईपर्यंत दाराची कडी नसलेल्या खोलीत ते काम करायची वेळ येत नाही. अट एकच, कपशी ओळख दोन-तीन पाळ्या घरी करून घ्या.

पोटदुखीची गोळी रिकाम्या पोटी, तहानलेल्या अंगात घेऊ नका, आधी काही खा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीने दिल्या म्हणून घेऊ नका. काहींना त्या धोक्याच्या असतात, डॉक्टरांना विचारूनच घ्या. वापरलेलं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून झिप पिशवीत, पिशवी घरच्या कचऱ्यात.

याच ओघात रक्ताची तपासणीही करून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चढावर दम लागतो तो नेहमीच सराव कमी म्हणून नसतो. हिमोग्लोबिन नऊ असताना येऊर चढणारी बाई आळशी नाही, ती दुप्पट कष्ट करते आहे.

सायकल आणि अंगावरचं

थोडक्यात सांगते. वेणी खाली, मानेजवळ घाला. अंबाडा घातला तर हेल्मेट बसत नाही. लोंबती ओढणी घालून सायकल नको, ती चेनमध्ये किंवा मागच्या चाकात जाते. कुर्ता चालेल, पण आखूड, आणि सलवारीच्या उजव्या पायाला क्लिप लावा. मंगळसूत्र, लोंबते कानातले, बांगड्या घरी ठेवा. पहाटेच्या रस्त्यावर सोनं नको आणि पडलात तर काच नको. सासूबाईंना दुसरं कारण सांगितलं की पटतं.

ब्रेक मात्र नीट तपासा. आपले हात लहान, ब्रेक मोठ्या हातांसाठी लावलेले. लिव्हरपाशी बहुतेक वेळा एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येते. तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरवर सहज टेकलं पाहिजे. हे न करता घाट उतरलात तर बोटं आखडतात आणि शेवटच्या वळणांवर ब्रेक धरायची ताकद उरत नाही. दुकानदार 'ताई, चालतंय की' म्हणेल, तरी करून घ्याच.

मागचं चाक काढून ट्यूब बदलायला शिका. चाक काढण्याआधी चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चक्रावर आणा, काम निम्मं होतं. बसवताना शेवटी टायर रिमवर चढत नाही म्हणून बायका हात टेकतात. ताकदीपेक्षा तिथे युक्ती लागते: उरलेल्या गोलात टायर चिमटीत धरून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या, शेवटचा तुकडा सैल पडतो आणि अंगठ्याने बसतो. ग्रुपमधला कुणी ना कुणी पंक्चर काढून देईलच हो. पण तो अर्धा किलोमीटर पुढे निघून गेलेला असेल तेव्हाचं काय?

आदली रात्र आणि अंधारातली पहाट

भेटायच्या वेळेच्या दीड तास आधी उठा. त्यातला अर्धा तास पोट साफ व्हायला आहे. घरच्या संडासात झालेलं काम वाटेतला सगळ्यात अवघड प्रश्न मिटवतं. खाणं साधं, तूप-गुळाची पोळी किंवा केळं आणि चार खजूर. नवीन काही खाऊन बघायचा तो दिवस नाही.

घर ते जमायची जागा हा टप्पा कुणाच्या हिशोबात नसतो. घोडबंदरच्या एखाद्या सोसायटीतून तीन हात नाक्यावर पावणेपाचला पोचायचं म्हणजे सव्वाचारला अंधारात एकटीने निघायचं. ग्रुपच्या दृष्टीने राइड पाचला सुरू होते, तुमची कधीच सुरू झालेली असते. म्हणून जवळच्या एकीशी किंवा एखाद्या ओळखीच्या दादांशी जोडी ठरवा आणि सोसायटीच्या गेटवर भेटा. जमत नसेल तर सायकल गाडीत टाकून कुणी सोडेल का ते बघा. ग्रुप मोठा असेल तर लीडला, म्हणजे राइड नेणाऱ्याला, स्पष्ट सांगा, "दादा, माझ्या बाजूला एक पिकअप पॉइंट ठेवा." घरच्यांना व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन द्या, पण ते जास्तीत जास्त आठ तास चालतं. लांबच्या राइडला नाश्त्याच्या थांब्यावर ते पुन्हा चालू करायची आठवण ठेवा, नाहीतर दुपारी एक वाजता घरी घबराट. राइड नोंदवणारं स्ट्राव्हा अॅप वापरत असाल तर घराजवळचा भाग लपवायची सोय त्यात आहे, ती चालू करा. रोज सकाळी साडेपाचला तुम्ही कुठल्या गेटमधून निघता हे जगाला कळायचं कारण नाही.

पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जॅकेट हवंच. रस्ता रिकामा म्हणून सुरक्षित, असं समजू नका. इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी यांचा २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे पाम बीच रोडवर सायकल चालवताना कॅबची धडक बसून मृत्यू झाला. तेही इतर सायकलस्वारांबरोबरच होते. रिकाम्या रस्त्यावर गाड्या सुसाट येतात. डाव्या कडेने, एकामागे एक, कानात काही न घालता चालवा.

ग्रुपमध्ये आपली जागा

माझी खरी तक्रार विश्रांतीच्या गणिताबद्दल आहे. पुढचे वेगवान लोक चौकला पोचतात, चहा पितात, पाय ताणतात, फोटो काढतात. वीस मिनिटांनी मागचे दोघं-तिघं पोचतात, त्यात बहुतेक वेळा बायका. त्या सायकल टेकवतात न टेकवतात तोच लीड शिट्टी वाजवतो, "चला, निघू या, ऊन वाढतंय." म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज कमी त्याला वीस मिनिटं, जिला जास्त तिला शून्य. मग ती बाथरूमला जायचंही टाळते, कारण सगळे हँडल धरून तिची वाट बघत उभे असतात. पुढच्या टप्प्यात ती आणखी मागे पडते.

यावर नियम एकच: विश्रांती शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायची. निघण्याआधी हे लीडकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. सरासरी वेग किती, आणि शेवटच्या माणसामागे कोण राहणार. सगळ्यात मागे राहणारे, म्हणजे स्वीप, दोघं असावेत आणि त्यांतली एक बाई असेल तर उत्तम. 'आम्ही कुणासाठी थांबत नाही' असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका, तो ग्रुप तुमच्यासाठी नाही. दुसरे आहेत.

वेगाचा बाऊ करू नका. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत अंतर पुरं करायच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून. म्हणजे तासाला जेमतेम पंधरा. बाई असो वा बाप्या, वेळ तेवढाच. तासाला वीसच्या आसपास सलग चालवत राहणारी आणि थांब्यांवर वेळ न दवडणारी बाई, तीसने सुटून दर तासाला टपरीवर बसणाऱ्याच्या आधी पोचते. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी मला तेवढाच आनंद होतो.

कुणाच्या मागच्या चाकाला चिकटून चालवलं की वारा कमी लागतो, हे खरं. पण ज्याच्या मागे आहात त्याचा हात, त्याचा ब्रेक ओळखीचा असू द्या. खड्डा, वाळू, गतिरोधक यांच्या हाताच्या खुणा आधी समजून घ्या.

आणि घाटातला मदतीचा हात. चढावर मागून येऊन पाठीवर हात ठेवून ढकलायची पद्धत काही ग्रुपमध्ये आहे. हेतू चांगला असेल, तरी न विचारता नको. "काका, हात नको, मी माझ्या लयीत चढते" एवढं पुरतं. पुन्हा झालं तर लीडला सांगा, आणि लीडच तो असेल तर ग्रुप बदला. गिअर कुठला टाकायचा याचे फुकटचे धडे मिळतील, ते मात्र कानाआड करता येतात.

कुणी मागे लागलं तर

बाइकवर दोघं, शेजारून संथ चालवत मोबाइलने व्हिडिओ काढणारे, काहीतरी बोलून पुढे जाणारे, पुढे थांबून पुन्हा मागे येणारे. वेग वाढवून त्यांना मागे टाकता येत नाही, तुम्ही दमाल आणि ग्रुपपासून सुटाल. उलट वेग कमी करा, मागच्यांना येऊ द्या, चार सायकली जवळ आणा. गाडीचा नंबर मोठ्याने वाचा, त्यांना ऐकू जाईल असा. थांबायचंच तर पंप, टोलनाका किंवा गर्दीचा ढाबा बघून थांबा. तातडीला ११२. राष्ट्रीय महामार्गावर अपघात किंवा गाडीची अडचण असेल तर १०३३. दोन्ही नंबर फोनमध्ये आधीच भरून ठेवा.

कुत्रे मागे लागले तर मात्र बहुतेकदा थांबणंच बरं. उतरा, सायकल मध्ये धरा, बहुतेक कुत्र्यांचा उत्साह चाक थांबलं की संपतो. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

खाणं

भूक लागायची वाट बघू नका. पहिल्या पाऊण तासानंतर दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडंसं तोंडात टाका, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, अर्धं केळं. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस असतात, त्यावरून अंदाज घ्या. वजन कमी करायला सायकल घेतलेल्या बायका नेमक्या इथे हात आखडतात. डाएट मंगळवारी करा, ऐंशी किलोमीटरच्या मध्यावर नको. पुढे घाट असेल तर तर्रीची मिसळ परतताना. आधी इडली किंवा पोहे.

परतीची सोय

ऊन चढलं, गुडघा दुखला, पाळी अचानक आली, तर परत कसं यायचं हे आधी ठरलेलं असलं की मन हलकं राहतं. ग्रुप मोठा असेल तर वर्गणी काढून एक छोटा हत्ती मागे ठेवा. नाहीतर खोपोली, शहापूर, पनवेल इथल्या टेम्पोवाल्यांचे नंबर जमवून ठेवा. टेम्पोत एकटीने बसू नका, बरोबर कुणीतरी यायला हवं, आणि हे कोण करणार तेही निघण्याआधी ठरलेलं हवं.

घर

नवरा रविवारी सायकल घेऊन गेला की घर म्हणतं, 'फिटनेसला जपतो हो.' बायको गेली की घर विचारतं, 'नाश्त्याला काय आहे?' हा प्रश्न शनिवारी संध्याकाळीच निकालात काढा. इडलीचं पीठ फ्रिजमध्ये आहे आणि इडल्या कोण लावणार त्याचं नाव ठरलंय, दोन्ही सांगून झोपा. सगळं स्वतः करून निघायचा हट्ट धरलात तर रात्री साडेअकराला ओटा पुसाल आणि साडेतीनला उठाल. चार तासांच्या झोपेवर हायवेवर जाणं घातक आहे. परतायची वेळ तासाभराने पुढची सांगा. बारा म्हणून सांगितलं आणि पंक्चर झालं की दीडला पोचेपर्यंत फोनवर फोन येतात, आणि त्या घाईत बायका शेवटचे दहा किलोमीटर वेड्यासारखं चालवतात.

परत आल्यावर

आधी शॉर्ट्स काढा, मग पाणी, मग गप्पा. ओल्या पॅडवर बसून तासभर चहा पिण्यातून फोड होतात. पोचायच्या ठिकाणाहून घर लांब असेल तर कोरडी सैल चड्डी बरोबर ठेवा. कोमट पाण्याने स्वच्छ धुवा, तिथे सुगंधी साबण नको. लघवीला लगेच जा, नको वाटलं तरी. शॉर्ट्स त्याच दिवशी धुवा, उलट्या करून, पॅडची बाजू वर ठेवून उन्हात वाळवा. दोरीवर टाकायला संकोच वाटत असेल तर वाटू द्या, पण पडद्याआड ओलसर वाळवलेली पॅड पुढच्या रविवारी बुरशीसकट अंगाला लागते.

फोड आला असेल तर फोडू नका, गरम पाण्याचा शेक द्या आणि तो बसेपर्यंत सायकल बंद. वाढला, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे. लघवीला जळजळ दिवसभरात थांबली नाही, कंबरेत कळ आली किंवा थंडी वाजली, तर जिरेपाण्यावर दिवस काढू नका, तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण दिवस घ्या.